एकतीस पिट, नऊ सिलिंडर

यंदा पिटमध्ये साधी ठिणगीसुद्धा पडणार नाही, असं मी आयोजकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. ड्रॅग रेसमध्ये दोन गाड्या सरळ रेषेत सुटतात आणि दहा-बारा सेकंदांत खेळ खलास! खरा धोका मागे, जिथे गाड्या तयार होतात त्या पिटमध्ये. तिथली सुरक्षा या वर्षी माझ्याकडे. त्यात माझी बायको फायनलला! सात वर्षांत पहिल्यांदा.

नियम साधा: प्रत्येक पिटमध्ये आग विझवायचा एक सिलिंडर. सकाळच्या तपासणीच्या फेरीत तो सगळीकडे होता. फक्त चौथ्या, अकराव्या आणि विसाव्या पिटमधल्या सिलिंडरला अगदी एकाच जागी पोचा! म्हणजे मी पुढे सरकलो की सिलिंडर मागच्या वाटेने माझ्याही पुढे!

"हा तुमचाच?" अकरा नंबरच्या टायरवाल्याला मी विचारलं.

"माझाच, साहेब. वडिलांपासूनचा."

"मग यावर 'पिट चार' का लिहिलंय?"

"वडील चार नंबरला असायचे."

मी सगळे सिलिंडर एकाच वेळी माझ्या तंबूत मागवले. पिट एकतीस, सिलिंडर निघाले नऊ! विजयी मुद्रेने मी त्यांच्या तारखा तपासायला बसलो. आता एकाही पिटमध्ये सिलिंडर उरलेला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

फायनलला वीस मिनिटं उरली असताना आरोळी आली, "धूर! धूर!"

टायरवाला तंबूकडे धावत सुटला.

"पिटमध्ये धावायचं नाही!" मी ओरडलो.

"अहो, सिलिंडर द्या!"

"आधी चालत या."

बिचारा चार पावलं मागे गेला आणि चालत आला. "साहेब, धूर वहिनींच्या गाडीतून येतोय."

मग मात्र मी सिलिंडर उचलून धावलो! बॉनेट उघडं, वर धूर आणि शेजारी माझे सासरे. बायकोचे मेकॅनिक तेच.

"बाबा, बाजूला व्हा!"

"जावईबापू, थांबा! काही नाही, थेंबभर तेल सां—"

पुढचं वाक्य पावडरीत बुडालं. मी अख्खा सिलिंडर रिकामा केला. पांढरं वादळ ओसरलं, तेव्हा सासरे पिठाच्या गोणीतून काढल्यासारखे दिसत होते. गरम पाइपवर तेल सांडलं होतं, ते त्यांनी फडक्याने पुसलंही होतं. इंजिनाचा फिल्टर मात्र साफ करायला काढलेला, आणि त्या उघड्या तोंडात आता पावशेर पावडर!

बायको हेल्मेट घालून आली. "हे कोणी केलं?"

सासऱ्यांनी बोट दाखवायचीही तसदी घेतली नाही. सिलिंडर माझ्याच हातात होता.

"सुरू करून बघू या का?" मी म्हणालो.

"हात लावू नका!" बापलेक एका सुरात ओरडले. पावडर आत ओढली गेली असती, तर इंजिन थेट भंगारात.

समोरचा स्पर्धक ट्रॅकवरून एकटाच गेला. प्रेक्षकांना हात हलवत, सावकाश. तोच विजेता!

आज चौथा दिवस. मी गॅरेजात टूथब्रशने इंजिनाचे भाग घासतोय. मघाशी शेजारीण डोकावली. "अगंबाई, किती जपतात हे तुझ्या गाडीला!"

"तर काय! सुरक्षेचं सगळं हेच बघतात," बायको म्हणाली. "गाडी इतकी सुरक्षित कधीच नव्हती. जागची हलतच नाही!"

मी पुढचा भाग घासायला घेतला. घासताना तोंड उघडलं, की पावडर आत जाते.