न जाळलेली वेणी

ठोंबरेकाकांनी मला फसवलं. माझ्या गोदामातली दोन हात लांब खरी वेणी नायलॉनची आहे असं सांगून त्यांनी ती घरी नेली. लोक म्हणतात, एका वेणीचं काय एवढं! शून्यातून धंदा उभा केला असता तर बोलले नसते.

शिळफाट्याला माझं गोदाम आहे. कोंबडीवाल्यांकडून पिसं येतात, न्हाव्यांकडून केस, आणि केसांवर भांडी देत गावोगाव फिरणाऱ्या बायकांकडून गोण्या. कारखानदार ते उकळून त्यातून अमायनो आम्लं काढतात. माल पारखायला ठोंबरेकाका. बंद पडलेल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. चिमूटभर माल काडीवर जाळायचा, डोळे मिटून वास घ्यायचा. आजूबाजूचे नाक दाबून पळायचे, काका मात्र अत्तर हुंगावं तसे उभे.

"गंधक बोलतंय, शेठ. सिस्टीन भरपूर."

सिस्टीन, म्हणजे गंधक असलेलं अमायनो आम्ल, हा त्यांचा देव. माणसाच्या केसात ते भरपूर, पिसात कमी. माणसंही ते याच मापाने मोजत. कशेळ्याचा एक कोंबडीवाला शब्द फिरवायचा. काका म्हणाले, "पीस हाय ते. बिनगंधकाचं सेरीन लय, सिस्टीन कमी. वारा येईल तिकडं जायचं."

"आणि मी?"

"तुमी घोड्याचं शेपूट. मजबूत, पण जवळ गेलं का लाथ बसते."

मी भडकलो की समजावत, "दोन सिस्टीन एकमेकांना गंधकाचा हात देतात, म्हणून केस तुटत नाय. माणसानं पण द्यावा."

गेल्या महिन्यात भांडीवालीच्या गोणीतून ती वेणी निघाली. टोकाला लाल दोरा. काकांनी काडी पेटवली, वेणीकडे बघितलं आणि काडी विझवली.

"नायलॉन. बाद."

"जाळून तर बघा."

"बघूनच कळतंय."

वेणी त्यांच्या पिशवीत गेली. न जाळता निकाल त्यांनी कधी दिला नव्हता, हे माझ्या संध्याकाळी लक्षात आलं. तसाच तडक भिवपुरीला त्यांच्या घरी गेलो.

दार काकींनी उघडलं. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया नाहीत. चार वर्षं काका माझ्याकडे येतात, पण घरात हे चाललंय हे मला ठाऊक नव्हतं.

"वेणीसाठी आलात ना?" त्या म्हणाल्या. "औषधानं केस गळणारच होते. म्हटलं, त्याआधी एक डबा तरी पदरात पडंल. भांडीवालीला कापून दिली. आता ह्यांनी त्याच डब्यात आणून ठेवलीय. येडे हायत."

काका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते.

"शेठ, सुटलेला हात गंधकाला परत धरता येतो. लॅबमधी कितीदा केलंय मी."

"कापलेल्याचं नाय हो तसं," काकी हळूच म्हणाल्या. स्टीलचा नवा डबा फळीवर चकाकत होता.

वेणी मी मागितली नाही. पण राग आहे तो आहेच. चार वर्षं समोर बसणाऱ्या माणसाला बायकोची वेणी माझ्याकडे मागता आली नाही. त्यापेक्षा खोटं बोलणं सोपं वाटलं. काका, मी तिचाही भाव केला असता, असं वाटलं का तुम्हाला? रोज येता, काड्या पेटवता. एकदा माझ्याकडे बघून याचं उत्तर द्या.