सोनिकाचं पिस्तूल आणि आबाजींची हाळी

पिस्तूल निवडायला अख्खं घर येतं, हे कुडव्याच्या शूटिंग क्लबात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पण डोमनलाल रहांगडाल्यांच्या घरी बैल आणायचा असो की सून, सगळ्यांनी मिळून बघायला जायचं, असा रिवाज. त्यामुळे नातीचं, म्हणजे सोनिकाचं पिस्तूल बघायला बोदलकशाच्या तलावाकडच्या गावाहून स्वतः डोमनलाल, त्यांच्या पत्नी मुन्नीबाई आणि सोनिकाचा काका भुवनेश्वर असे तिघे डबा घेऊन हजर झाले.

सोनिकाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. छऱ्याच्या पिस्तुलावरून ती नुकतीच खऱ्या, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावर आली होती. राज्य स्पर्धा तोंडावर होती आणि क्लबातलं जुनं पिस्तूल चौघींत एक. नागपूरचा विक्रेता तीन नमुने घेऊन आला होता आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. आज जे ठरेल त्याच्यासाठीच परवान्याचा अर्ज जायचा होता, आणि चुकीचं ठरलं तर पुढची कित्येक वर्षं तेच हातात घेऊन बसावं लागणार होतं.

डोमनलालांनी पहिलं रिकामं पिस्तूल हातावर तोललं, खालून वर पाहिलं आणि मान हलवली.

"याचं तोंड भारी हाये. असं जनावर अर्ध्यात दम टाकते."

"आबाजी, हा बैल नाई होय," सोनिका म्हणाली.

"मले दिसून राहिलं ना. बैलाले शेपूट असते."

तिसरं पिस्तूल लाल-निळं होतं. ते पाहून मुन्नीबाई म्हणाल्या, "हे त शिलाई मशीनीवानी दिसते, बाप्पा." विक्रेता बिचारा हसत राहिला.

चाचणी सुरू झाली. समोर हिरवा दिवा लागला की खाली धरलेला हात उचलायचा, तीन सेकंदांत एक गोळी मारायची, दिवा लाल झाला की हात खाली. असं पाच वेळा. सोनिकाने पहिलं पिस्तूल घेतलं. हिरवा लागला. ती पुतळ्यासारखी उभी. हात उठेपर्यंत दिवा लाल. दुसऱ्या पिस्तुलाचीही तीच गत, तिसऱ्याचीही तीच.

मग ज्याच्या त्याच्या अकलेला धुमारे फुटले. प्रशिक्षक उमेंद्र सर म्हणाले चाप जड आहे. विक्रेता म्हणाला, मूठ मोठी पडते. भुवनेश्वरने मोबाईलवर रात्रभर व्हिडिओ पाहिले होते, त्याने स्प्रिंगला दोष दिला. मुन्नीबाईंनी तिन्ही पिस्तुलांवरून मीठमिरची ओवाळायची तयारी दाखवली. मुठी बदलल्या, चाप हलके केले, पुन्हा चाचणी झाली आणि सोनिका आणखीच उशीर करू लागली.

"पिस्तुलाचं काई नाई, सर," ती डोळे पुसत म्हणाली. "मलेच जमून नाई राहिलं."

पुढच्या वेळी हिरवा दिवा लागला आणि नेमका त्याच क्षणी बाकावर बसलेल्या डोमनलालांच्या टाचेला मुंगळा डसला.

"हाऽऽ होऽऽ!"

डोमनलालांचा आवाज बोदलकशाच्या या काठावरून त्या काठावर ऐकू जातो. कानावरच्या जाड कर्णरक्षकांची त्यापुढे काय बिशाद. सोनिकाचा हात सटकन उठला आणि गोळी बरोबर मधोमध बसली.

उमेंद्र सर सावकाश मागे वळले. "आबाजी, पुन्हा ओरडा बरं."

"मुंगळा गेला ना."

"मुंगळ्याशिवाय ओरडा."

डोमनलाल पाच वेळा ओरडले आणि पाचही गोळ्या मधोमध गेल्या. मग सगळं बाहेर आलं. रोज सांजेला अंगणात पाण्याची बाटली हातात धरून सोनिका सराव करायची. तिथे दिवा कुठला. मग आबाजीच हाळी द्यायचे, आणि पोरीला दिवा पाहायची सवयच राहिली नव्हती.

"पण स्पर्धेत कोणी खोकललं तरी पंच मागे पाहतात," उमेंद्र सर म्हणाले. "तुम्ही बाहेर जाऊन बसा."

फाटकासमोरच्या चहाटपरीवर डोमनलाल आणि मुन्नीबाई जाऊन बसले. डोमनलाल एकेकाळचे शंकरपटातले धुरकरी, बैलांच्या शर्यतीत जोडी हाकणारे. त्यांची हाळी पडली की जोडी सुटायची आणि पाहणारे उभे राहायचे. त्या पटांतली धूळ, जिलेबीची दुकानं, रात्रीचं नाटक, सगळं त्यांना त्या टपरीवर फार आठवलं.

"गुडघे गेल्यावर जोडी कोहमाऱ्याच्या कवडूले देली," ते म्हणाले. "माझ्या आवाजाबिगर ते बैल हलणार नाई, असं साऱ्या गावाले सांगून ठेवलं होतं. पहिल्याच पटात नंबरात आले. मी दोन दिवस जेवलो नाई."

"मले वाटलं बैलाची याद येऊन राहिली."

"ते बी होतीच."

आतून गोळ्यांचे आवाज येऊ लागले. आधी कमीजास्त अंतराने, मग हळूहळू एकसारखे. भुवनेश्वर धावत आला. लाल-निळ्यावर हात बसतो आहे, एक फेरी झाली की ठरलंच, असं सांगून परत पळाला. तेवढ्यात टपरीचा पंखा बंद पडला. मिनिटभरात उमेंद्र सर घाम पुसत आले.

"आबाजी, लाइन गेली. दिवे बंद. नागपूरवाल्याची गाडी हाये. एकच फेरी राहिली, तुमीच हाळी द्या, दोन मिनटात काम होते."

डोमनलाल ताडकन उठले. दुपट्टा झटकला, छाती भरून श्वास घेतला. किती वर्षांनी कुणी त्यांना हाळी मागत होतं. फाटकातून सोनिका दिसत होती. तिने ते ऐकलं होतं आणि ती काकुळतीने नकारार्थी मान हलवत होती. डोमनलालांनी श्वास तसाच सोडून दिला.

"माझा घसा बसला."

"आताच त बोलून राहिले होते."

"आता बसला. लाइन येऊ द्या. त्याले सांगा, नंतरची गाडी पकड."

मुन्नीबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. ओरडा म्हटल्यावर हा माणूस गप्प बसला, असं त्यांच्या संसारात घडलं नव्हतं. विक्रेत्याची गाडी गेली. बऱ्याच वेळाने लाइन आली. पाच आवाज झाले, एकसारख्या अंतराने, एकही उशिरा नाही. डोमनलालांना आनंद झाला आणि आत कुठेतरी खूप दुखलंही. त्यांनी दुपट्ट्याने डोळे टिपले.

"शिलाई मशीन पसंत पडली," भुवनेश्वरने येऊन सांगितलं.

आता विक्रेत्याला स्टेशन गाठायला हवं होतं. रस्त्याच्या पलीकडून एक रिकामा ऑटो निघून चालला होता. डोमनलाल पुढे झाले.

"ओ ऑटोऽऽ!"

आत पिस्तूल ठेवून सोनिका पाणी पीत होती. तिचा उजवा हात बाटलीसकट सटकन समोर उठला आणि उमेंद्र सर आणि नागपूरचा विक्रेता दोघेही भिजले.