बावन्न माणसांची सुटका

"आय विल टेक द ओल्ड वन. ही इज चीपर," अकरा वर्षांची ओवी शांतपणे म्हणाली, आणि स्वयंपाकघरात पुरण वाटणाऱ्या मंजुषाचा हात जागच्या जागी थांबला. मुलगी भाजीबद्दल बोलत नव्हती, एवढं नक्की. भाजीत तिने इतका रस कधीच दाखवला नव्हता.

मंजुषा तशीच पुरणाच्या हातांनी हॉलमध्ये आली. शुक्रवारची सुट्टीची दुपार, बाहेर शेहेचाळीस डिग्री. आखातातल्या अल मनखूल वस्तीतल्या त्या फ्लॅटचे पडदे ओढलेले होते आणि गालिच्यावर ओवी, तिचा थोरला भाऊ निनाद आणि वरच्या मजल्यावरची शुभ्रा मांडी घालून बसली होती.

"काय घेतेयस गं?"

"अ स्लेव्ह," ओवी म्हणाली.

निनादने आईला खेळ समजावून सांगितला. याला पट नाही, सोंगट्या नाहीत. तो गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि अवघड प्रसंगी पुढे काय व्हायचं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आज मंडळी काळबंदर नावाच्या गावात पोचली होती. त्यांना डोंगर ओलांडायला वाटाड्या हवा होता, आणि गावात नेमका गुलामांचा बाजार भरला होता.

"इट्स अ मॉरल डायलेमा, आई. दे हॅव टू डिसाइड."

"त्यात डिसाइड काय करायचंय? माणसं विकत घेतात का कुठे? सोडून द्या सगळ्यांना!"

"अगं, खेळू दे ना," सोफ्यावरून राजाभाऊ म्हणाले. मंदी आल्यापासून त्यांच्या ऑफिसात दर आठवड्याला एखादं टेबल रिकामं होत होतं. आपलं टेबल अजून जागेवर आहे या आनंदात ते शुक्रवारी सोफा सोडत नसत.

"देन यू प्ले," निनाद म्हणाला. "सुजीतची जागा रिकामीच आहे."

सुजीतच्या बाबांची नोकरी मार्चमध्ये गेली आणि ते कुटुंब पुण्याला परतलं. मागे राहिला तो त्याचा खेळातला ब्रॅगडन, गुडघ्यापर्यंत दाढी असलेला बुटका योद्धा. मंजुषा पाच वर्षं तिथल्या मराठी मंडळाच्या उत्सव समितीची कार्यवाह होती, आणि हाती घेतलेलं काम तिने अर्ध्यावर सोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिने हात धुतले.

"जहांआरा, पुरन देखो! लगने मत दो!"

जहांआरा हैदराबादची; मंजुषाला ती 'बाजी', म्हणजे ताई, म्हणायची. सहा वर्षं याच घरात राहून काम करत होती. राजाभाऊंचा पगार कापला गेल्यावर मंजुषाने पुरणपोळीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून पोळ्या लाटायच्या त्या जहांआराने आणि नाव व्हायचं ते मंजुषाचं. जहांआराच्या मुलीचं पहिलं बाळंतपण महिनाअखेरीला होतं. तिने तीनदा रजा मागितली होती आणि तिन्ही वेळा मंजुषाने "स्कूल खुलने दो, फिर देखेंगे" असं गोड शब्दांत सांगितलं होतं. जहांआराचा पासपोर्ट मंजुषाच्या कपाटात, पैठणीखाली असायचा. हरवू नये म्हणून, दुसरं काही नाही.

दाढीवाला योद्धा होऊन मंजुषा गालिच्यावर बसली. पहिल्याच झटक्यात तिने मंडळींची मोहरांची सगळी थैली व्यापाऱ्यापुढे उलटी केली, बारा गुलाम विकत घेतले आणि जागीच मुक्त केले. प्रत्येकाच्या हातात मुक्तिपत्र. झालं!

"नेक्स्ट मॉर्निंग," निनाद म्हणाला, "व्यापारी चाळीस घेऊन आला."

"कुठून आणले मेल्याने?"

"यू पेड व्हेरी वेल, आई."

"साधं मार्केट आहे गं," राजाभाऊ म्हणाले. "डिमांड तू वाढवलीस. सप्लाय येणारच." ते सोफ्यावरून सरकत गालिच्याच्या काठाशी आले होते.

"आता एक दमडी देणार नाही!" मंजुषाने ब्रॅगडनची कुऱ्हाड उपसली आणि फासा असा फेकला की तो टीव्हीखाली गेला. ओवीने पालथं पडून पाहिलं. वीस! व्यापारी धोतर सावरत पळाला. काळबंदरात धोतर नेसत नाहीत असं निनादचं म्हणणं होतं, पण ते कुणी ऐकलं नाही.

आता मुक्त माणसं झाली बावन्न. त्यांना घर नव्हतं, गाव नव्हतं, आणि सगळ्यांना भूक लागली होती. दुसरं कुणी गांगरलं असतं, पण बावन्न पानं वाढणं मंजुषाला नवं नव्हतं. तिने वही मागवली, समित्या नेमल्या. पाणी समिती, सरपण समिती, स्वच्छता समिती. सकाळी सहाला हजेरी. नदीवर पूल बांधायला घेतला, कारण रिकाम्या माणसाच्या डोक्यात नाही नाही ते येतं.

पहिल्याच दिवशी दोघं भाकऱ्या घेऊन निघून गेले.

"लांडगे आहेत ना रानात? कुंपण घाला," मंजुषा म्हणाली. "सेफ्टीसाठी. आणि फाटकाची किल्ली माझ्याकडे."

मग एकाचं मुक्तिपत्र पावसात भिजलं. मंजुषाने सगळ्यांची मुक्तिपत्रं गोळा केली आणि पेटीत घालून कुलूप लावलं. "हरवतात हो. मी ठेवते नीट."

शुभ्राने हळूच विचारलं, "आंटी, आर दे स्टिल फ्री?"

"म्हणजे काय! ऑफ कोर्स!"

"देन कॅन दे लीव्ह?"

"कुठे जातील बिचारे?" मंजुषा म्हणाली. "माझ्याकडे काय कमी आहे त्यांना?"

निनादने थोडा विचार केला आणि आवाज कापरा केला. छावणीची स्वयंपाकीण, एक म्हातारी, पुढे आली. "बाई, माझी लेक डोंगरापलीकडे असते. मला तिच्याकडे जायचंय. माझा कागद देता का?"

"अगं, तू गेलीस तर इतक्यांचं कोण करणार?" मंजुषा प्रेमाने म्हणाली. "पूल होऊ दे, मग बघू."

एवढं ती बोलली मात्र, निनादचे कान लाल झाले. त्याने हे ठरवून केलं नव्हतं. म्हातारीला कुठेतरी जायचं असणार, म्हणून त्याने सुचेल ते घेतलं होतं. पण दारात चहाचा ट्रे घेऊन जहांआरा उभी होती, आणि सहा वर्षांत तिला मराठी सगळं कळायला लागलं होतं.

"बाजी," तिने विचारलं, "वो बुढिया का फिर क्या हुआ?"

मंजुषाला लाज वाटली. नुसती नाही, चांगली मान खाली घालण्याइतकी. आपण एवढ्या तळमळीने व्यापाऱ्याला पळवून लावलं आणि त्याचंच दुकान चालवायला बसलो! पुढच्या शुक्रवारच्या चाळीस पोळ्याही तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. पण बाई निश्चयाची. ती उठली.

"गई वो. अभी के अभी. खलास!"

बेडरूममध्ये जाऊन तिने कपाट उघडलं, पैठणी बाजूला केली, पासपोर्ट आणून सर्वांसमक्ष जहांआराच्या हातात ठेवला. "जा. बेटी के पास जा. पोळ्यांचं मी बघते."

शुभ्राने टाळ्या वाजवल्या. जहांआराने ट्रे खाली ठेवला, पासपोर्ट उघडला, पानावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"बाजी, ये तो मई में खतम हो गया."

राजाभाऊंनी चष्मा लावून पाहिलं. खरंच मुदत संपून दोन महिने झाले होते. शेवटचा व्हिसा लागल्यापासून कुणी तो उघडलाच नव्हता, इतका नीट ठेवला होता.

"एवढा जपून ठेवलेला, तरी संपला?" राजाभाऊ म्हणाले.

"अहो, दूध आहे का ते? तारीख बघायला नको होती मी?" मंजुषा स्वतःवरच कडाडली. महिनाअखेरीला तीन आठवडे होते.

रविवारी पहाटेच ती जहांआराला घेऊन पासपोर्टच्या ऑफिसापुढच्या रांगेत उभी राहिली. फॉर्म चुकला, तो पुन्हा भरला. फोटोत कान दिसत नव्हते, ते पुन्हा काढले. "तत्काल दो," असं तिने खिडकीतल्या माणसाला इतक्या वेळा सांगितलं, की तो तिला येताना पाहून खुर्ची मागे सरकवू लागला. "पासपोर्ट इतने दिन किसके पास था?" त्याने विचारलं.

"मेरे ही पास था साब," जहांआरा पटकन म्हणाली.

"नाही," मंजुषा म्हणाली. "मेरे पास था. मैंने रख लिया था."

पुढच्या शुक्रवारच्या ऑर्डरी तिने फोन करून रद्द केल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारच्या पोळ्या राजाभाऊंनी लाटल्या, आणि त्या कुणाला पाठवण्यासारख्या नसल्यामुळे घरातच चार दिवस पुरल्या.

बाळंतपणाला पाच दिवस उरले असताना नवा पासपोर्ट मिळाला. जहांआरा ऑफिसाच्या पायऱ्यांवर थांबून त्यातला आपला फोटो पाहत राहिली. उन्हात डोळे मिचकावत मंजुषाने सवयीने हात पुढे केला.

"दे इकडे. पर्स में रखती हूँ. टॅक्सीत विसरशील."

जहांआरा एक पायरी मागे सरकली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"नक्को बाजी," ती म्हणाली आणि पासपोर्ट ओढणीत गुंडाळून छातीशी धरला. "आपके पास चीजां रखे-रखे खतम हो जाते."

मंजुषाचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याच हाताने तिने टॅक्सी थांबवली.