तायडे नानांचा रिफंड

आमच्या गल्लीतल्या सुखदेव नाना तायड्यांनी आठ हजार चारशे साठ रुपये कसे खर्च करावेत हे ठरवण्यासाठी सभा बोलावली होती. एक नव्हे, दर रविवारी एक. संध्याकाळी पाच वाजता, स्वतःच्या ओट्यावर. आणि पैसे तर अजून आलेसुद्धा नव्हते.

पैसे कसले, तर इन्कम टॅक्सचा रिफंड. नानांच्या ठेवीच्या व्याजावर बँकेने कर कापला. तो कापू नये म्हणून एक साधा फॉर्म भरून द्यायचा असतो. नानांनी तो दिला नाही. का? तर, "मी आता कुठं सही करत नसतो, ताई." वरणगावच्या फॅक्टरीत स्टोअरकीपर म्हणून या माणसाने जन्मभर सह्यांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. निवृत्त झाले आणि त्यांची सही संपावर गेली.

मी जळगावातच एका कर सल्लागाराकडे नोकरी करते, त्यामुळे गल्लीभराची रिटर्न्स माझ्याच गळ्यात. नानांचं भरायला बसले आणि रिफंड कोणत्या खात्यात घ्यायचा, एवढंच विचारलं. तिथेच चुकलं.

"पेन्शनच्या खात्यात टाकू ना?"

"त्यात मिसळला तर ओळखू कसा येईल?"

"नाना, तो ओळखून काय करायचंय?"

"घाई कसानी शे, ताई?"

हे त्यांचं पालुपद. नाना मूळचे धुळ्याकडचे. एरवी बोलतात तुमच्या-माझ्यासारखंच, पण समोरच्याला गप्प बसवायचं असलं की अहिराणीत शिरतात. आठ दिवस विचार करून त्यांनी रिफंडासाठी खास नवं खातं उघडलं. पाहुण्याला वेगळी खोली द्यावी तसं. तिथे मात्र पानोपान सह्या केल्या, त्याही लफ्फेदार.

मग सभा सुरू झाल्या. नियम फॅक्टरीचे. ज्याला काही सुचवायचं असेल त्याने चिठ्ठीवर लिहून द्यायचं. त्याला ते, स्टोअरमधल्या मागणीपत्रासारखं, 'इंडेंट' म्हणत. नाना चष्मा पुसून ते मोठ्याने वाचत आणि लाल पेनाने शेरा मारत. माझ्या माहितीत एकही इंडेंट मंजूर झालं नाही.

कूलर-पंख्यांची दुरुस्ती करणाऱ्या शकीलभाईंनी लिहिलं, नवा कूलर घ्या. मेच्या उन्हात जळगावात याहून शहाणं काय सुचवणार? शेरा पडला : "नामंजूर. अर्जदाराचा धंद्याशी संबंध." शेजारच्या पाटील सरांनी लिहिलं, दात बसवा. नानांच्या खालच्या जबड्यात दोनच दात उरले होते, तेही एकमेकांपासून दूर.

"सरकारच्या पैशाने दात?" नाना म्हणाले. "मग त्याच दातांनी सरकारला शिव्या कशा घालू?"

सर हसले. मला हसू आलं नाही. दिवसभर ऑफिसात लोकांच्या चुका निस्तरायच्या आणि रविवारी इथे येऊन दोन दातांवर चर्चा ऐकायची! बरं, न जावं तर नाना स्वतः दारात हजर. "ताई, तुम्ही तज्ज्ञ. तुमच्याशिवाय कोरम होत नाही." मी एकदा वैतागून लिहून दिलं, दान करा. त्यावर त्यांनी विचारलं, "कुणाला? तीन नावं द्या, तुलना करू." धुळ्याहून त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलं, "नाना, तीर्थयात्रा करा." तिचंही नामंजूर. फोनवरचं इंडेंट चालत नाही म्हणून.

"रिफंड आला का?" असं प्रत्येक सभेत कुणीतरी विचारायचं. "मी बँकेत विचारतो आहे. अजून नाही," असं नाना गंभीरपणे सांगायचे, आणि पुन्हा चहा यायचा. चहा तेच करत. त्यातही आलं इतकं, की घशाला चटका बसावा.

दीड महिना असा गेला. एका शनिवारी ऑफिसात दुसऱ्याच कुणाचं काम करता करता मी सहज नानांची नोंद उघडून पाहिली. रिफंड जमा. तोही पहिल्या सभेनंतर चारच दिवसांनी.

माझं डोकंच फिरलं. माझे सहा रविवार! दुसऱ्या दिवशी चार वाजताच मी त्यांच्या घरी जाऊन उभी राहिले. नाना ओट्यावर खुर्च्या मांडत होते. घरातल्या चार होत्या, पाचवी स्वयंपाकघरातलं स्टूल.

"नाना, पैसे कधीच आलेत."

"माहीत शे," ते म्हणाले. खुर्ची पुसत राहिले.

"मग आम्हाला इतके दिवस बसवून ठेवलंत ते?"

नानांनी फडकं झटकलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "नानी गेली तेव्हा पंधरा दिवस घर भरलं होतं, ताई. मग दोन वर्षं कुणी पायरी चढलं नाही. कुणाचं चुकलं असं नाही, ज्याला त्याला कामं. नुसतं 'या, बसा' म्हटलं तर कोण येतं? आणि एकदा ठरलं म्हणजे मग सभा कशाची?"

सभांआधीच्या त्या दोन वर्षांत मी स्वतः त्या ओट्यावर किती वेळा गेले होते? रिटर्न भरायला, एकदा.

पाच वाजता शकीलभाई आले, सर आले. बसता बसता शकीलभाईंनी विचारलं, "नाना, आया क्या रिफंड?"

नाना माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हणाले. "अजून प्रक्रियेत आहे. वेळ लागतो कधी कधी."

नोकरीत मी असं खोटं कधी बोलले नाही.

पुढच्या महिन्यात नानांनी कुणालाही न विचारता पैसे खर्च केले. फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक बसवून घेतला. चांगला लांब, चार माणसं ऐसपैस बसतील असा. बाकवाल्याने पद्धतीप्रमाणे विचारलं, पाठीवर कुणाच्या स्मरणार्थ म्हणून लिहू? मी तिथेच होते. मला वाटलं, नानीचं नाव सांगतील.

"काही लिहू नका," नाना म्हणाले. "नाव दिसलं की माणूस बसताना बिचकतो."