गव्हर्नरबाईंचं दुसरं पद

‘गुन्हेगाराच्या डोक्यात विचार येण्याआधी तो ज्याच्या डोक्यात येतो, तो एल्डन थ्रॅशर.’ हे वाक्य आमच्या दाजींनी स्वतःच रचलंय. ते त्यांच्या कार्डावर आहे, गाडीच्या दारावर आहे आणि जेवणाच्या डब्यावरही आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पूर्वी ते घर तापवायच्या भट्ट्या विकायचे. एका गिऱ्हाइकाची हरवलेली मांजर त्यांना भट्टीमागे झोपलेली सापडली आणि त्या दिवसापासून ते गुप्तहेर झाले. गाडी चालवायचा त्यांचा परवाना सरकारने काढून घेतलाय, म्हणून मी, लॉयल पिंगरी, त्यांचा सहायक. मांजरीनंतर त्यांना काही म्हणजे काही सापडलेलं नाही.

जानेवारीत आमच्या टॅमरॅक गावावर मोठंच संकट आलं. गावच्या किराणा दुकानवाल्या विनिफ्रेड ऑर्डवे राज्याच्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या होत्या. खोऱ्यातलं एकुलतं एक इस्पितळ बंद होऊ नये म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी राजधानीत शपथ होती. आणि सिनेटचे अध्यक्ष हार्लन बॅग्ली न्हाव्याच्या खुर्चीत बसून बरळले, “घेऊ दे तिला शपथ. तिच्याकडे आधीच एक पद आहे. लहान असो की मोठं, दुसरं पद असलेल्या माणसाला गव्हर्नर होता येत नाही, असं राज्याच्या घटनेत आहे. मी भर सभेत ते पद सांगतो, ती खुर्ची सोडते, नियमाने ती सिनेटच्या अध्यक्षाकडे येते आणि संध्याकाळी मी तिच्यात बसतो.” बसल्यावर पहिलं काम इस्पितळाला कुलूप, हेही त्यांनी सांगून टाकलं. बॅग्लींना गुपित आणि ढेकर, दोन्ही आवरत नाहीत. न्हाव्याने लगेच बाईंना फोन करून सगळं कळवलं.

बाईंच्या वकिलांनी राज्यातली आणि वॉशिंग्टनची सगळी पदं धुंडाळली. एकही निघालं नाही. बर्फाने रस्ते अडले होते आणि दाजी समोरच्याच घरात राहायचे. दाजींना बोलावण्याची एवढी दोनच कारणं होती.

“माझ्याकडे दुकान आहे, संधिवात आहे आणि नवा नवरा आहे,” विनिफ्रेडबाई म्हणाल्या. “पद कुठलं ते तुम्ही शोधा.”

दाजींनी फी नको म्हणून सांगितलं. त्यांना फक्त राज्याचे मुख्य तपास अधिकारी व्हायचं होतं. बाईंनी कॉफी ढवळत त्यांच्याकडे बघितलं आणि विचार करू म्हणाल्या.

पहिला सिद्धांत टपालाचा. दुकानात पूर्वी टपालाची खिडकी होती. ती बंद होऊन जमाना लोटला, पण बाईंना पोस्टमास्तरकीतून कुणी रीतसर मोकळं केलंच नसणार, असं दाजींचं म्हणणं. ते खिडकीमागच्या खणात खांद्यापर्यंत शिरले आणि गांधीलमाश्यांचं जुनं पोळं घेऊन बाहेर आले. दुकानाच्या उबेत त्यातली एक माशी जागी झाली आणि तिने नेमका दाजींचा कान गाठून डंख मारला. बाईंनी शांतपणे सांगितलं की पोस्टमास्तर त्यांचा दीर होता, आणि तो वारला.

दुसरा सिद्धांत लष्कराचा. बाई बर्फ उपसताना पहिल्या नवऱ्याचा फौजी कोट घालायच्या. “खांद्यावर पट्ट्या आहेत, लॉयल. पट्ट्या म्हणजे हुद्दा,” दाजी माझ्या कानात म्हणाले. मी म्हटलं, त्या हिशोबाने आमच्या शेतातलं बुजगावणं सध्या सार्जंट आहे. दाजींनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

तिसऱ्या सिद्धांताची मला आजही लाज वाटते. फडताळात पोर्तुगालच्या सार्डिनचे डबे दिसले आणि दाजींनी बाईंना पोर्तुगालच्या वकिलातीत बसवलं. बाईंनी एक डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. पुरावा दाजींनी पावासोबत खाल्ला.

दिवस कलला. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. इस्पितळात सोळा खाटा आहेत आणि त्यातल्या एकीवर माझी बहीण दोनदा मरता मरता वाचली, त्यामुळे मला काही हसू येईना.

तेवढ्यात थेल्मा क्रॅम आत आली. थेल्मा गावची कारकून आणि बाईंची शेजारीण. बूट न झाडताच ती म्हणाली, “विनिफ्रेड, कुणाचं तरी डुक्कर माझ्या तळघरात शिरलंय. बटाटे संपवतंय. चल, धर त्याला.”

“मी कशाला?”

“मग कोण? डुक्करपाल तू आहेस.”

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

आमच्याकडे मार्चच्या गावसभेत, वर्षभरात लग्न झालेल्यांपैकी एकाला डुक्करपाल निवडतात. मोकाट डुकरं धरायचं हे जुनं पद. आता डुकरं धरायची नसतात, हसून केक खायचा असतो. बाईंचं दुसरं लग्न झालं आणि मार्चमध्ये सगळ्या गावाने त्यांच्यासाठी हात वर केले. फक्त थेल्माला अर्धवट काम जमत नाही. गंमत असो की काही असो, ती हात वर करायला लावून खरी शपथ देते.

“तुझं नाव सुचवलं कुणी, आठवतं ना?” थेल्मा म्हणाली. “याच बाबाने. लांबलचक भाषण ठोकलं होतं.”

दाजी कान चोळत छताकडे बघू लागले.

बाईंनी राजीनामा द्यायचं म्हटलं, तर थेल्मा म्हणाली, दुसरा कुणी शपथ घेईपर्यंत पहिला सुटत नाही. नवा डुक्करपाल नेमायला तिने गावच्या पंचांना फोन लावले. तुम्ही ठरवाल तो चालेल, फक्त लग्न झालेला हवा, असं ते म्हणाले. विनिफ्रेडबाई पुन्हा कॉफी ढवळायला लागल्या.

“या कामाला तीक्ष्ण नजर हवी,” त्या म्हणाल्या. “गुन्हेगाराच्या आधी विचार करणारा माणूस हवा.”

दाजींची छाती इतकी फुगली की शपथेसाठी हात वर करताना कोटाचं बटण तुटलं.

दुसऱ्या दिवशी बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून आम्ही राजधानी गाठली. बाईंनी शपथ घेतली. बॅग्ली उठले, घसा साफ केला आणि भर सभेत म्हणाले की या बाई टॅमरॅकच्या डुक्करपाल आहेत.

“कालपर्यंत होती,” सज्जातून थेल्मा म्हणाली. “आता हा आहे.”

दाजींनी उठून सगळ्या सभागृहाला वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. बॅग्ली बसले, ते त्यांच्या जुन्याच खुर्चीत. इस्पितळ वाचलं आणि मला पहिल्यांदा दाजींना मिठी मारावीशी वाटली. मी स्वतःला आवरलं.

जेवणानंतर दाजींनी गव्हर्नरबाईंना गाठलं आणि मुख्य तपास अधिकाऱ्याची खोली कुठली ते विचारलं.

“अरेरे, थ्रॅशर,” बाई म्हणाल्या, “तोच नियम त्या पदालाही आहे. तुमच्याकडे आधीच एक पद आहे.”

दाजींनी माझ्याकडे बघितलं. “लॉयल, शपथ तर कुणीही घेऊ शकतो. तू...”

“मी अविवाहित आहे, दाजी,” मी म्हटलं आणि गाडी काढायला गेलो. डुक्कर अजून थेल्माच्या तळघरातच होतं.