एका दिवसात किन्हीराजा

इंझोरीच्या जानरावनं पारावर बसून साऱ्या गावाला ऐकवून ठेवलं होतं, की घर कसं हलवतात ते आता बघून घ्या. सकाळी सामान बांधायचं, दुपारी निघायचं, वाटेत दोन मुक्काम, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी उन्हं असतानाच बैलबंडी किन्हीराजाच्या वेशीत उभी!

"लोकं सामान बांधतच नाहीत," तो म्हणाला, "कोंबतात. बांधाले डोकं लागते."

घाईला कारण होतं. त्याची बायको गोजराबाई किन्हीराजाची. तिचा बाप माघात वारला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून नाल्याकाठचं आठ एकर काळंभोर वावर लेकीकडं आलं. पण तिचा चुलतभाऊ इंद्रभान आडवा आला. इंझोरीत बसून किन्हीराजाचं वावर कसं वाहाल, असं त्यानं पंचांपुढं विचारलं. पंचांनी निवाडा दिला. पाडव्याच्या सकाळी जानराव बिऱ्हाडासकट येऊन, नांगर धरून वावरात उभा दिसला, तर वावर त्याचं. नाही तर इंद्रभाननं वाहावं. आणि इंद्रभानच्या हातात गेलेली वस्तू परत येते, यावर खुद्द इंद्रभानच्या आईचाही विश्वास नव्हता.

पाडव्याला तीन दिवस असताना जानरावनं बांधाबांध काढली. गोजराबाईला त्यानं कशालाही हात लावू दिला नाही. मडकी गोधडीत, गोधडी घोंगडीत, आणि घोंगडीवर चऱ्हाटाचे असे वेढे, की बांधलेली वस्तू जिवंत असती तर गुदमरली असती. दुपारपर्यंत घर रिकामं झालं. तेरा गाठोडी ओळीनं उभी राहिली. बैल आणले, जू उचललं, आणि जानराव इकडंतिकडं बघू लागला. बैलाची मान जुवात अडकवायच्या लाकडी खुंट्या, शिवळा, कुठंच दिसेनात.

"शिवळा कुठी हायेत वं?"

"मले कायले विचारता? बांधलं तं सारं तुमीच."

तेरापैकी बारा गाठोडी सोडावी लागली. बाराव्यात शिवळा निघाल्या तेव्हा दिवस मावळला होता, अंगणात बाजार मांडला होता, आणि भाकरीचा तवा मात्र तेराव्यात होता. रात्री शेजारच्या रुखमाबाईनं जेवायला घातलं.

दुसरा दिवस कणगीनं खाल्ला. तुराट्यांची विणलेली, शेणामातीनं लिपलेली, छातीभर उंचीची, दाराहून रुंद पोटाची ही धान्याची कणगी आजानं घरातच विणली होती. ती दारातून बाहेर निघेना.

"राहू द्या तिले इथंच," गोजराबाई म्हणाली.

"माह्या घरचं काहीच मांगं राहणार नाही," जानराव म्हणाला.

त्यानं चौकट काढली, तरी कणगी निघेना. मग चौकटीलगतची भिंत काढली. घर तो धाकट्या भावाला, जगदेवला, देऊन चालला होता. जगदेव पान खात बघत होता. भिंत कोसळली तेव्हा त्यानं सुपारीसकट पान गिळलं.

"दादा," तो म्हणाला, "घर देऊन राह्यला का नेऊन राह्यला?"

अशा रीतीनं निघायला तिसरा दिवस उजाडला, आणि तो अमावस्येचा. अमावस्येला कोणी प्रवासाला निघत नाही. पण दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि तीन दिवसांची वाट एका दिवसात कापायची होती. जानराव बाहेरून ताठ होता, पण बायकोचं वावर आपल्या हुशारीपायी चाललं, हे त्याला कळत होतं.

त्यात बंडीवर त्याच्या सोजरआत्याला जागाच उरली नाही. सत्तरीची ही आत्या, तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. शेवटी तिला उभ्या कणगीत बसवलं.

"मले काय जवारी समजतं का रे?" आत्या आतून म्हणाली. पण बसली. एका हातात सूप, दुसऱ्या हातात झाडायचा फडा. या दोन वस्तू तिनं बांधू दिल्या नव्हत्या. गोजराबाईनं कुंकवाचा मोठा करंडाही तिच्याजवळ ठेवला.

पहिल्याच नाल्यात बंडीनं असा हिसका खाल्ला, की करंडा उडून आत्याच्या डोक्यावर उपडा झाला. केस मोकळे सुटले, कपाळ, गाल, मान, सगळं लालेलाल. डोळ्यांत कुंकू गेल्यानं डोळेही तांबडे झाले. वैतागून ती कणगीत उभी राहिली आणि फडा हातात घेऊन भाच्याला बोलू लागली.

त्या साली मुलखात पटकीची साथ होती. साथ आली की लोक मरीमायचा गाडा सजवत, त्यात सूप आणि फडा ठेवत आणि गाडा पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडत. ते गाव आपल्या बैलांनी तो आणखी पुढं लोटून देई. देवीला दुखवायचं नाही, पण शिवेत राहूही द्यायचं नाही, असा रिवाज.

पहिल्या गावच्या शिवेवर पंधरावीस माणसं काठ्या घेऊन उभी होती. त्यांनी कणगीतली लालबुंद आत्या पाहिली आणि काठ्या खाली टाकून हात जोडले.

"गाडा कोण्या गावचा?" म्होरक्यानं विचारलं.

"इंझोरीचा," जानराव म्हणाला. "माही आत्या हाय थे."

"आत्या म्हणा, माय म्हणा, आमच्यासाठी सारखीच. पण थांबू नका, बाप्पा."

जानराव समजावत राहिला, तोवर त्यांनी त्याचे बैल सोडून आपले ताजे बैल जुंपलेसुद्धा. गोजराबाईच्या पदरात नारळ आणि खण पडला. बंडी अशी सुटली, की सगळी गाठोडी उड्या मारू लागली. तो म्होरक्या स्वतः धावत पुढच्या शिवेपर्यंत आला आणि तिथल्या लोकांना ओरडून सांगून परतला.

पुढं प्रत्येक गावात हेच. बैल शिवेवर तयार, नारळ तयार. जानरावनं प्रत्येक ठिकाणी खरं सांगितलं आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्याला देवीचा भोळा भगत समजून पाण्याचा तांब्या दिला. त्याचे स्वतःचे बैल मागं रिकाम्या मानेनं चालत होते, वऱ्हाडातल्या पाहुण्यांसारखे. सूर्य मावळतीला टेकला तेव्हा समोर किन्हीराजाची शीव होती. जानरावला गहिवरून आलं.

पण किन्हीराजाची माणसंही बैल घेऊन उभी होती आणि सगळ्यांच्या पुढं इंद्रभान होता. त्यानं बहिणीला ओळखलं, तिच्या नवऱ्याला ओळखलं, गाडा मात्र त्यालाही देवीचाच वाटला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"गाडा थांबू देऊ नका," तो पाटलाला म्हणाला. "गावचा जवाई असला म्हणून काय झालं? गाड्यासंगं त्यालेबी पुढं मेडशीपावतर पोचवा."

मेडशीला गेलो तर पाडवा गेला, हे जानरावला उमगलं. तेवढ्यात आत्या कणगीत उभी राहिली. दिवसभराच्या हादऱ्यांनी तिची कंबर ढिली झाली होती.

"इंद्रभान तूच का रे?" ती म्हणाली. "दोन महिने झाले, तुहंच नाव ऐकून राह्यली मी."

गर्दी दोन पावलं मागं सरली. इंद्रभान चार पावलं सरला.

पाटलानं हात जोडले. "माय, गावात नको येऊ. बाकी पाह्यजे थे माग."

"गाव कोणाले पाह्यजे? नाल्याकाठी आमचं वावर हाय. तिथं उतरव मले. अन् त्या वावरात दुसऱ्या कोणाचा पाय पडला, तं थो हाय अन् मी हाय."

सगळ्यांनी इंद्रभानकडं पाहिलं. दिवसभर खरं सांगत आलेल्या जानरावनं सवयीनं तोंड उघडलं. गोजराबाईनं त्याला चिमटा काढला. त्यानं तोंड मिटलं.

पाडव्याची सकाळ झाली. जानरावनं वावरात गुढी उभारली, बैल धुतले आणि नांगर घ्यायला बंडीकडं गेला. तेराही गाठोडी होती, जातं होतं, पाटा होता, कणगी होती. नांगर नव्हता. तो इंझोरीला गोठ्याच्या भिंतीला टेकलेला होता.

बांधावरून पंच येताना दिसत होते. आणि त्यांच्याही पुढं, अर्ध्या वाटेवर, इंद्रभान आपले बैल नांगराला जुंपून स्वतःच्या वावराकडं चालला होता. आत्या तोंड धुऊन भाकरी थापत बसली होती. तिनं मान वर केली.

"इंद्रभान, नांगर ठेव तिथं. जानरावले पाह्यजे."

कालचाच आवाज ऐकून इंद्रभाननं नांगर ठेवला. ठेवून हातही जोडले. पंच पोचले तेव्हा नांगराचं पहिलं तास निम्मं झालं होतं आणि काळी माती दोहो बाजूंनी उलटत होती. गोजराबाई बापाच्या वावरात उभी राहून डोळे पुसत होती. वावर जानरावचं, असा पंचांनी शब्द दिला.

खरा प्रकार दुपारी कळला. पाटील इतका हसला की त्याला पाणी पाजावं लागलं. इंद्रभान आठ दिवस घराबाहेर पडला नाही. पण वावर जानरावचं झालं होतं.

पुढं वर्षानुवर्षं कोणाला बिऱ्हाड हलवायचं असलं, की तो जानरावकडं सल्ल्याला येई. एका दिवसात इंझोरीहून किन्हीराजा गाठणारा माणूस तो. जानराव ऐटीत चऱ्हाट मागवून गाठी दाखवी. त्या दाखवून झाल्या, की चुलीपासून गोजराबाईचा आवाज येई.

"नांगराचंबी सांगा म्हणा त्याईले."

मग जानराव खोकून पिकापाण्याचं विचारू लागे.