कुणी कुणाला उचलायचं

नानांच्या ओट्यावर चहा प्यायचा तर आधी काट्यावर चढावं लागतं. कापूस मोजायचा जुना काटा त्यांनी दारातल्या कडुनिंबाला टांगलाय. मी गावात मास्तर म्हणून आलो, तेव्हा नाव विचारायच्या आधी त्यांनी मला झोळीत बसवलं, वहीत 'एकसष्ट' लिहिलं आणि मगच स्टोव्ह पेटवला.

नाना आमच्या आपत्ती समितीचे अध्यक्ष. समितीत दुसरं कुणी नाही. पांझरेला पूर आला तर चालता न येणाऱ्यांना कुणी पाठीवर घेऊन टेकडीवरच्या शाळेत न्यायचं, त्याची यादी ते करतात. तिथं सोयरसुतक नाही. "पानीले नातं समजत नही, वजन समजस," म्हणतात. म्हणून बांधावरून सात वर्षं अबोला असलेल्या दोघा भावांत थोरला धाकट्याच्या पाठीवर. किराणावाल्या शेठजींना खाट आणि चार माणसं. शेठजींनी रागानं रात्रीचं जेवण सोडलं, तेव्हा नानांनी महिन्याभरानं एक माणूस कमी केला.

काट्यावर चढली नाही ती फक्त शाळेत खिचडी शिजवणारी सिंधूअक्का. मी काय कापूस शे का, असं विचारून ती निघून गेली.

या वेडाचं मूळ साऱ्या गावाला ठाऊक आहे. मागच्या पुरात नाना शेजारची म्हातारी घेऊन टेकडीवर गेले. आपल्या बायकोला शेजाऱ्यांनी आणलं असेल, असं त्यांना वाटलं. शेजाऱ्यांना वाटलं, नानांनी आणलं. दुसऱ्या दिवशी काकू माळ्यावर हरभऱ्याच्या पोत्यावर बसलेल्या सापडल्या. "आते याद उनी का?" आता आठवण आली का, एवढंच विचारलं. पुढे नानांनी कशालाही हाक मारली की हेच उत्तर. काकू गेल्या आणि नानांनी काटा टांगला.

परवा भरदुपारी रंगीत तालीम झाली. नानांनी ओट्यावरून शिट्टी फुंकली आणि गाव एकमेकांच्या पाठीवर चढलं. शेठजींची खाट चढावर दोनदा टेकली. धाकट्याच्या पाठीवरून थोरला सात वर्षांत पहिल्यांदा बोलला, "डावीकडे खड्डा शे." वर पोचल्यावर सगळे खिचडीवर तुटून पडले. तालीम झकास झाली, असं जो तो सांगत होता.

"नाना कोठे शेतस?" अक्कानं विचारलं.

मी यादी काढली. नानांच्या गुडघ्यांत काही उरलेलं नाही, हे आम्हाला माहीत होतं. शेवटच्या ओळीत त्यांचं वजन होतं, बावन्न. उचलणाऱ्याच्या रकान्यात सुरतेला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचं नाव लिहून खोडलेलं. त्यापुढे कोरं. त्यांना कुणीतरी आणलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं, मलाही. मला मान वर करवेना.

अक्का पळी टाकून टेकडी उतरली. मी मागोमाग. नाना ओट्यावर बसले होते, शिट्टी गळ्यात. आम्हाला पाहून त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"आते याद उनी का?" ते म्हणाले.

अक्का पाठ करून त्यांच्यापुढे वाकली. नानांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तिचं वजन न विचारता गळ्यात हात टाकले.